पाडव्याचं पान: श्रीखंड-पुरी की पुरणपोळी?

श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालायची रीत आहे. निम्मीही पुरते, पण दही गोड हवं. चैत्राच्या उष्म्यात ते रात्रभर ओट्यावर टांगलं तर आंबतं आणि साखर वाढवावी लागते, म्हणून फ्रीजमध्येच ८-१० तास टांगावं. पुरीऐवजी फुलके केले की तळणही टळतं.

तरी आमचा कौल पुरणपोळीला. डाळीची प्रथिनं आणि तंतू मिळतात, निथळलेल्या पाण्याची कटाची आमटीही होते. १ वाटी हरभरा डाळीला पाऊण वाटी गूळ बास. डाळ नीट निथळली नाही तर पुरण सैल राहतं, पोळी फाटते. उलथनं उभं राहीपर्यंत आटवावं. गूळ म्हणजेही साखरच, तेव्हा माणशी एकच पोळी, सोबत काकडीची कोशिंबीर भरपूर.