हातच्याच्या बेरजेसाठी दशमान ठोकळे: १२१ नगांचा लाकडी संच

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दुसरीचा वर्ग घेते. दुसरीची बेरीज अडते ती हातच्यापाशी. २८ आणि ३६ ची उभी मांडणी दिली की दोन-तीन वह्यांत हमखास ५१४ येतं. आठ नि सहा चौदा, ते खाली लिहिले. दोन नि तीन पाच, ते शेजारी लिहिले. मुलानं बेरीज बरोबरच केलेली असते, फक्त एककाच्या घरात एकच अंक राहतो हे त्याला उमगलेलं नसतं. "हातचा डोक्यावर लिही" असं घोकून घेतलं तरी ते उमगत नाही. म्हणून यंदा वर्गासाठी हा संच घेतला.

आत एक सेंटिमीटरचे शंभर सुटे ठोकळे, दशकाच्या दहा दांड्या, शतकाच्या दहा पाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा. असे ठोकळे शाळाशाळांत पोहोचवण्यात हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ झोल्टन दीनेस (१९१६–२०१४) यांचा मोठा वाटा. माँटेसरी पद्धतीतले सोनेरी मणी त्याच जातीचे.

माप चोख आहे. दहा सुटे ठोकळे दांडीला लावले की टोकाला टोक जुळतं, आणि दांडीवरच्या खाचा बोटाला लागतील इतक्या खोल आहेत. सगळं एकाच रंगाचं आहे, हे मला फार आवडलं. रंगीत संचात मुलं "निळं म्हणजे दहा" असं पाठ करतात. इथं आकाराकडेच बघावं लागतं.

५१४ लिहिणाऱ्या एका मुलीला म्हटलं, "तुझं उत्तर मांडून दाखव बरं." २८ आणि ३६ समोर मांडलेले होतेच. तिनं शेजारी पाच पाट्या, एक दांडी, चार सुटे ठेवले आणि बघतच राहिली. "बाई, एवढे कुठनं आले?" मग तिनं चौदा सुट्यांतले दहा मोजून 'बँके'त भरले (बँक म्हणजे डबा घेऊन बसलेला वर्गातलाच एक जण), बदल्यात दांडी घेतली, ती दशकाच्या घरात ठेवली आणि लगेच वहीत दोनच्या डोक्यावर १ लिहिला. हे 'लगेच' सांभाळा. ठोकळ्यांचा खेळ आधी आणि वहीतलं गणित नंतर असं केलं, तर मुलांच्या लेखी त्या दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

आता उणं. दांड्या दहाच! ५८ अधिक ६७ मांडायला सुरुवातीलाच अकरा दांड्या लागतात, बदलीची बारावी. म्हणजे दोनदा हातचा येणारी, दहा दांड्या देऊन पाटी घ्यायची बेरीज या संचावर बहुतेक वेळा मांडताच येत नाही. पाट्या मात्र दहा दिल्यात, ज्या दुसरीत क्वचितच हलतात. सोबतच्या तक्त्यावर घरांची नावं इंग्रजी अक्षरांत आहेत. मी त्यावर श, द, ए च्या चिठ्ठ्या डकवल्या.

आणखी एक, विकत घेण्याआधीच लक्षात ठेवावं असं. दांडी सुटत नाही. ज्या मुलाला दहाचा गठ्ठा पचलेला नाही, ते दांडीला सरळ 'एक' मोजतं. त्याच्यासाठी आधी खराट्याच्या काड्या आणि रबरबँड. स्वतः दहा मोजून बांधायचे, हवे तेव्हा सोडायचे. काड्यांवर हात बसला की ठोकळे द्या. मग त्यांचा वेग कामी येतो, कारण दर गणिताला बांधत बसावं लागत नाही. हातच्याची वजाबाकीही याच बँकेत उलटी चालते: दांडी द्या, दहा सुटे घ्या.

घरी एका मुलासाठी संच पुरेसा आहे, ९९ च्या आतल्या बेरजा छान होतात. वर्गासाठी निदान दोन घ्या, नाहीतर बँक रिकामी पडते आणि मुलं ताटकळतात. बनवणाऱ्यांना एकच विनंती: पाट्या पाच करा, दांड्या वीस द्या, आणि सुट्या दांड्या वेगळ्या विकायलाही ठेवा.