प्राथमिक वर्गासाठी तेलखडू: १२ रंगांचा साधा डबाच का घ्यावा

पहिली ते चौथीच्या चित्रकलेसाठी एकाच साहित्यापुरते पैसे असतील, तर तेलखडूंचा, म्हणजे दुकानात ऑइल पेस्टल नावाने मिळणाऱ्या खडूंचा, १२ रंगांचा डबा घ्या. २५ रंगांचा घेतला तरी चालून जाईल, ५० रंगांचा मात्र या वयाला नुकसानकारक आहे. कारण पुढे येईलच.

हे साधन शाळकरी मुलांसाठीच जन्माला आलं. पहिल्या महायुद्धानंतर जपानमध्ये कानाए यामामोतो या चित्रकाराने, मुलांनी नमुन्यावरून नक्कल न करता स्वतः पाहून, स्वतःच्या मनाने चित्रं काढावीत, असा आग्रह धरला. त्या विचाराने भारलेल्या दोन शिक्षकांनी १९२१ मध्ये साकुरा ही कंपनी काढली आणि मेणाचे खडू बनवले. पण त्यांत रंगद्रव्य कमी पडे, एका रंगावर दुसरा बसत नसे. म्हणून १९२४ मध्ये पॅराफिन मेण, स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेल एकत्र करून तेलखडू आला. सरकारी शाळांनी तेव्हा तो घेतला नाही. त्यांना रंगीत पेन्सिल बरी वाटली: स्वस्त, आणि मुलांना शिस्त लावणारी.

आपल्याकडेही अजून तोच कल दिसतो. फळ्यावर दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि नारळाचं झाड, आणि चाळीस वह्यांमध्ये त्याच्या चाळीस प्रती. अशा तासाला कोणताही डबा आणला तरी काही फरक पडणार नाही. चित्रकलेच्या तासाला मूल निर्णय घ्यायला शिकतं: आधी काय काढू, केवढं काढू, या रंगाशेजारी कोणता लावू, बिघडलं तर आता काय करू. सात-आठ वर्षांचं मूल महत्त्वाची गोष्ट मोठी काढतं. पोळ्याच्या चित्रात बैल घरापेक्षा मोठा आला तर तो मोठाच राहू द्यावा. तेलखडूने मत बदलता येतं, लावलेल्या रंगावर दुसरा रंग चढवता येतो, पानभर रंग हात न दुखता भरतो. रंगीत पेन्सिलीने हे जमत नाही, म्हणून मुलं चित्र लहान काढतात आणि कडा सांभाळत बसतात.

आता १२ की ५०? मोठ्या डब्यात प्रत्येक छटा तयार मिळते, त्यामुळे रंग मिसळायची वेळच येत नाही. त्यातली फिकट गुलाबी कांडी तर ‘स्किन कलर’ म्हणूनच ओळखली जाते, आणि मग वर्गातली सगळी माणसं एकाच कातडीची होतात. १२ रंगांत मुलाला तपकिरी हलका लावून त्यावर नारिंगी, मग पांढरा घोटावा लागतो. शेजारच्या मित्राच्या हाताकडे नीट पाहिलं जातं ते त्या वेळी.

मिसळताना क्रम महत्त्वाचा. आधी पिवळा दाट, त्यावर निळा हलक्या हाताने: हिरवा स्वच्छ येतो. उलट केलं की पिवळ्याचं टोक निळा उचलतं आणि पुढचा प्रत्येक पिवळा मळकट होतो. प्रत्येक बाकावर सुती चिंधी हवीच, टोक पुसायला.

डबा घेताना कागदावर पिवळा घासून त्यावर निळा ओढून पाहा. निळा नुसता घसरला, तर ते तेलखडूच्या नावाने विकलेले मेणखडू आहेत. रंगाचे कण भुसभुशीत सुटत असतील तरी नको. डब्यावर ‘नॉन-टॉक्सिक’ आणि ईएन ७१ या खेळण्यांच्या सुरक्षा मानकाचा उल्लेख शोधा. पांढरा सर्वांत आधी संपतो आणि सुटा क्वचितच मिळतो, म्हणून दर दहा डब्यांमागे एक डबा जास्तीचा मागवा. दोघांत एक डबा पुरतो. कांड्या मोडणारच. मोडलेल्या तुकड्याचं वेष्टण सोलून तो आडवा घासला की आभाळ दोन मिनिटांत भरतं.

कागदावर मात्र काटकसर करू नका. १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा), हाताला किंचित खरखरीत लागणारा कागद हवा. इम्पिरियल आकाराच्या (सुमारे २२ बाय ३० इंच) एका मोठ्या शीटचे चार तुकडे या वयाला योग्य. झेरॉक्सचा कागद रंग धरत नाही आणि तेल मागे उमटतं. गुळगुळीत कार्डशीटवर खडू घसरतो. पैसे नसतील तर वह्यांना घालायचा खाकी कागद घ्या. पांढरा आणि पिवळा त्यावर झकास खुलतात.

पावसाचं चित्र या खडूंनी फार छान होतं. पांढऱ्या खडूने जोर देऊन सरी काढायच्या, मग निळ्या पोस्टर रंगाच्या एका चमच्यात पाच चमचे पाणी घालून वरून एकदाच कुंचला फिरवायचा. तेलकट रेघ पाणी झटकते आणि सरी पांढऱ्या उमटतात. रंग दाट राहिला तर रेघ झाकली जाते, खडू हलका लागला तर रेघेतही रंग शिरतो. बहुतेक वेळा फसतं ते या दोनांपैकी एका कारणाने.

मर्यादाही आहेत. बारीक तपशील जमत नाहीत, आणि चौथीतल्या मुलांना नेमके तेच हवे असतात. त्यांना आधी बॉलपेनने रेखाटू द्या. रंगावरून पेन चालवलं तर त्याची गोळी तेलाने अडते. चित्र कधीच पूर्ण वाळत नाही, त्यामुळे थप्पी लावताना मध्ये कोरा कागद घाला. वर्तमानपत्र घातलं तर शाई उतरते. हात आधी कोरड्या चिंधीने, मग साबणाने. गणवेशावरचा डाग पाणी लागण्याआधीच भांड्यांच्या लिक्विडने चोळा.

सुरुवातीला तेलखडू उन्हाळी आणि हिवाळी असे दोन प्रकारचे येत. हिवाळ्यात ते कडक होत, उन्हाळ्यात वितळत. १९२७ मध्ये स्थिर करणारा घटक मिळाल्यावर ती गरज संपली. तरीही विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये कांड्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात. डबे खिडकीपासून दूर, कपाटाच्या खालच्या कप्प्यात आडवे ठेवा. मऊ झालेल्या कांड्या वाया जात नाहीत: थोडा वेळ माठाशेजारी ठेवल्या की पुन्हा हातात धरण्याजोग्या होतात.