बाटलीतला समुद्र: वास सोडला तर झकास

लेकीच्या हट्टापायी ८५० रुपयांचा 'विनोग्राडस्की स्तंभ' किट मागवला, म्हणजे चिखलातले जिवाणू थराथरानं वाढताना दाखवणारी नळी. त्यात नळी, जिप्समची पुडी, खडूची भुकटी, बस्स! चिखल आपलाच, म्हणून भाट्याच्या खाडीतून डबाभर आणला. वर्तमानपत्राचे तुकडे कालवून नळी भरली आणि खिडकीत ठेवली.

पहिल्या आठवड्यात नुसता सडक्या अंड्यांचा वास. झाकण ढिलं, त्यामुळे सासूबाईंनी नळीची रवानगी गच्चीत केली. दीड महिन्यानं मात्र तळ काळाकुट्ट, त्यावर हिरवा पट्टा, मग जांभळट. जिवाणूंच्या एका जातीनं टाकलेलं गंधक दुसरी जात खाते, हे डोळ्यांना दिसतं.

खोक्यावर 'खोल समुद्र तुमच्या घरी' असं छापलंय, ती मात्र शुद्ध थाप. हिरव्या-जांभळ्या जिवाणूंना उजेड लागतो. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ अडीच किलोमीटर खोलीवर उष्ण झरे सापडले, तिथं मिट्ट काळोख. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडवरच गुजराण करतात आणि नळीकृमींना, म्हणजे नळीत राहणाऱ्या समुद्री किड्यांना, पोसतात.

आपल्या अरबी समुद्राबद्दल तर पत्रकात अवाक्षर नाही. वरून पडणारा मेलेला गाळ खालचे सूक्ष्मजीव कुजवतात, त्यातून नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे समुद्राचं खतच, सुटतं. पावसाळ्यात खालचं पाणी वर आलं की त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतं, आणि त्यावर तारली मासळी! हे छापलं असतं तर कोकणातल्या पोरांना लगेच कळलं असतं.

पाचात साडेतीन. घेणार असाल तर झाकणाला आधी मेण लावा.