सोलमधील शाळाभेट : परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम

विनिमय कार्यक्रमाखाली सोलच्या एका विद्यापीठात शिकत असताना, तेथील आंतरराष्ट्रीय विभागाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी आखलेली माध्यमिक शाळेची भेट मी घेतली आणि काही उणिवा धरूनही ती घेण्याजोगी आहे, असे माझे मत झाले. दारातच बूट काढून शाळेत वापरायच्या सपाता घालाव्या लागतात, ज्याचे आपल्याला नवल वाटत नाही. सोबतच्या युरोपीय मुलांची मात्र थोडी तारांबळ उडाली. तास 45 मिनिटांचा असतो. इंग्रजीच्या तासाला आम्हाला मुलांच्या गटांत बसवले, तेव्हा आधी बुजलेली मुले हळूहळू मोकळी झाली आणि शाळा सुटल्यावरच्या खासगी शिकवण्यांबद्दल इतक्या तपशिलाने बोलू लागली की, शिक्षिकेने ठरवलेला विषय बाजूलाच पडला. माझ्या दृष्टीने भेटीचा सर्वांत मोलाचा भाग तोच.

जेवणाच्या बाबतीत मात्र आयोजकांनी निराशा केली. खणांच्या स्टीलच्या ताटात भात, सूप, किमची (आंबवलेल्या भाज्यांचे तिखट तोंडीलावणे) आणि भाजी असा बेत उत्तम दिसत होता. परंतु किमचीत बहुधा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि सूपही अनेकदा सुक्या मासळीच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे शाकाहारी असल्याचे आधी लेखी कळवूनही मला भातावरच भागवावे लागले. शाकाहाऱ्यांनी डबा नेण्याची परवानगी आधीच मागून ठेवावी. कोरियात शालेय वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि जानेवारीत शाळांना हिवाळी सुट्टी असते, त्यामुळे नोंदणी वसंत ऋतूतील सत्रात करणे सोयीचे.