रिटेलचा बी.व्होक.: वर्गात पक्का, गोडाऊनमध्ये कच्चा

बारावीनंतर मॉल, सुपरमार्केट किंवा कपड्यांच्या साखळी दुकानांत करिअर करायचं असेल, तर रिटेल मॅनेजमेंटचा बी.व्होक. (बॅचलर ऑफ व्होकेशन, म्हणजे कौशल्यावर भर देणारी तीन वर्षांची पदवी) हा बी.कॉम.पेक्षा सरळ रस्ता आहे. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१४ मध्ये बी.व्होक. सुरू केलं. त्याच्या मूळ आराखड्यात वर्षाला ६० क्रेडिट, त्यातले ३६ कौशल्याचे आणि २४ सामान्य शिक्षणाचे. पहिल्या वर्षानंतर थांबलात तर डिप्लोमा, दुसऱ्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसरं पूर्ण केलंत तर पदवी. नव्या शैक्षणिक धोरणात बी.कॉम.लाही ऑन जॉब ट्रेनिंग आलंय खरं, पण ते ४ क्रेडिटचं, म्हणजे १२० तास. आठ तासांच्या पंधरा शिफ्ट झाल्या की संपलं. तेवढ्यात फार तर कुठला माल कुठल्या रॅकवर असतो ते कळतं.

ग्राहकाशी बोलणं, मांडणी, प्लॅनोग्राम (कुठली वस्तू शेल्फवर कुठे आणि किती ठेवायची याचा नकाशा) वाचून फेसिंग, म्हणजे समोरून दिसणारी रांग, लावणं हे बहुतेक कॉलेजांत ठीक शिकवतात. त्याबद्दल तक्रार नाही. घोडं अडतं ते माल उतरवून घेताना.

सकाळी टेम्पो लागतो. चलनावर बिस्किटांचे २० बॉक्स, प्रत्येकात २४ पुडे, एकूण ४८०. घाईत बॉक्सचा बारकोड २० वेळा मारला की सिस्टीममध्ये ४८० जमा. पण एक बॉक्स फाटलेला होता आणि त्यात २२च पुडे होते. हे दोन पुडे महिन्याच्या स्टॉक मोजणीत ‘शॉर्टेज’ म्हणून वर येतात, आणि तोवर पुरवठादाराकडे क्लेम करायची मुदत गेलेली असते. संशय येतो फ्लोअरवरच्या पोरांवर. म्हणून फाटलेला, ओला किंवा टेप पुन्हा लावलेला बॉक्स टेम्पो उभा असतानाच फोडून मोजायचा, कमी निघालं तर चलनावर तसं लिहून ड्रायव्हरची सही घ्यायची आणि मगच जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करायचा.

स्कीमच्या मालाची गंमत उलटी. १२ वर १ फुकट असेल तर १२० नगांबरोबर १० जास्तीचे येतात. बिलात रक्कम १२० चीच दिसते म्हणून नवखा माणूस १२० च चढवतो. मग १० नग चोरीला गेले तरी मोजणी बरोबर जुळते, कुणाला पत्ता लागत नाही. ‘शॉर्टेज म्हणजे चोरी’ एवढंच शिकून आलेल्या मुलाला हे दोन्ही प्रकार ओळखता येत नाहीत. सत्राच्या परीक्षेला मात्र तो शॉर्टेजची व्याख्या पाठ म्हणून दाखवतो.

गल्ल्याचंही तसंच. दिवसाच्या शेवटी रोकड ६४९ रुपयांनी कमी आणि यूपीआयची जमा बरोबर ६४९ नी जास्त असेल, तर चोर शोधत बसू नये. ग्राहकाने यूपीआयने पैसे दिले आणि कॅशियरने बिल ‘कॅश’ बटणावर बंद केलं, एवढंच झालेलं असतं. कमी आणि जास्त आकडा एकच असणं ही त्याची खूण. हे शिकवायला एक जुनं पीओएस (बिल करायचं) यंत्र आणि मुद्दाम चुकवलेली दहा बिलं पुरतात. तरी पुष्कळ ठिकाणी कॅश क्लोजिंग फळ्यावरच उरकतात.

आकडेमोडीचा भाग अभ्यासक्रमात चांगला आहे, फक्त उदाहरणं दुकानातली हवीत. समजा एका वस्तूवर ४० टक्के मार्जिन, वर्षाची विक्री १ लाख, म्हणजे नफा ४० हजार, आणि सरासरी ४० हजारांचा माल पडून. दुसरीवर १५ टक्केच मार्जिन, पण विक्री ४ लाख, नफा ६० हजार आणि पडून असलेला माल ३० हजारांचा. पहिलीत गुंतवलेला रुपया वर्षात एक रुपया नफा देतो, दुसरीतला दोन. मार्जिन बघून शेल्फची जागा वाटणारा विद्यार्थी हमखास पहिली निवडतो. कन्व्हर्जनचं, म्हणजे आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी केली याचं, गणितही असंच फसवतं: ४०० माणसं आली, ९० बिलं झाली, म्हणून साडेबावीस टक्के. पण चौघांचं कुटुंब बिल एकच करतं, आणि दारावरचा काउंटर आत-बाहेर करणाऱ्या स्टाफलाही मोजतो. तो आकडा कालच्या किंवा गेल्या रविवारच्या आकड्याशी ताडून बघण्यापुरताच कामाचा.

सगळ्यात मोठी खोट वेळापत्रकात. दुकानाचं खरं शिक्षण दिवाळीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत होतं आणि नेमक्या त्याच सुमारास अनेक विद्यापीठांची सत्र परीक्षा असते. मुलं दुकानात पोचतात जानेवारीत, गर्दी ओसरल्यावर. शनिवार-रविवार सुट्टी देणारी इंटर्नशिप तर रिटेलमध्ये निरुपयोगीच. आठवड्याची सुट्टी मंगळवारी किंवा बुधवारी घ्यायची सवय इथूनच लागायला हवी.

म्हणून प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. ट्रेनिंगचे महिने कुठले? त्यातले निदान दोन आठवडे माल उतरवण्याच्या विभागात आहेत का? कॉलेजच्या सराव दुकानातला स्कॅनर खरोखर सॉफ्टवेअरला जोडलेला आहे, की नुसता शोभेला? (एखादी वस्तू स्कॅन करून बिल काढून दाखवा म्हणावं.) आणि अप्रेंटिसशिप म्हणून जाहिरात केली असेल तर अप्रेंटिस कायदा, १९६१ खालचा नोंदवलेला करार विद्यार्थ्याच्या हातात कधी पडतो? स्टायपेंडचा आकडा आणि कालावधी त्यातच लिहिलेले असतात. उत्तर ‘नंतर बघू’ असं आलं, तर शिकायला नव्हे, सीझनला स्वस्तात हात हवेत म्हणून बोलावलंय असं समजून फी भरण्याआधीच दुसरं कॉलेज बघावं.