टी-जेट आणि टीएसआय: रीमॅपनंतर पंप-इंजेक्टर बदलायचे का?

पुण्याच्या आसपास तयार झालेल्या दोन टर्बो पेट्रोल गाड्या हौशी मंडळी आजही सेकंडहँड बाजारात शोधत असतात. एक रांजणगावची, १.४ टी-जेट इंजिनाची फियाट (लिनिया किंवा अबार्थ पुंटो), दुसरी चाकणची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटरवाली. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदलून ताकद वाढवणं) झाला की दोघांच्या मालकांचा पुढचा प्रश्न ठरलेला: आता पंप आणि इंजेक्टर मोठे टाकू का? माझं उत्तर टी-जेटला बहुधा हो आणि टीएसआयला बहुधा नाही.

टी-जेटचा इंजेक्टर पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत फवारतो, दाब जेमतेम तीन-चार बार. ६००० आरपीएमला इंजिनाच्या दोन फेऱ्यांना २० मिलिसेकंद लागतात आणि त्यातला बराचसा वेळ इंजेक्टर उघडा ठेवता येतो. त्यामुळे हिशेब सरळ आहे. १८० बीएचपी हवी असेल, तर ३ बारला मिनिटाला साधारण ३५० सीसी देणारे चार इंजेक्टर लागतील, ८० टक्के ड्यूटी सायकल (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरून. २०० बीएचपीला ४०० सीसी. गणित शुद्ध पेट्रोलचं आहे; ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) साठी वर सात-आठ टक्के धरा. 'असू देत, पुढेमागे लागतील' म्हणून ६०० सीसीचे मात्र घेऊ नका. आयडलला चिमूटभर पेट्रोल मोजून देणं त्यांना जमत नाही आणि गाडी सिग्नलला आचके देत उभी राहते. इंजेक्टर कुठलेही घ्या, त्यांचा डेड टाइमचा (विजेचा इशारा मिळाल्यापासून उघडेपर्यंत जाणाऱ्या वेळेचा) तक्ता सोबत मागून घ्या. तो नसेल तर ट्यूनर अंदाजपंचे मॅप लिहिणार.

पंप विकत घेण्याआधी एक मल्टिमीटर हाताशी घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि टाकीजवळ पंपाच्या कनेक्टरवर १२ च्या आसपास दिसत असेल, तर दोष पंपाचा नाही, जुन्या वायरिंगचा किंवा अर्थिंगचा आहे. जाड वायर आणि वेगळा रिले टाकला की तोच पंप तरतरीत होतो, खर्चही किरकोळ. दुसरी गोष्ट बूस्टची, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाची. मॅनिफोल्डमधला दाब इंजेक्टरच्या तोंडावर उलटा बसतो. पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर बूस्टप्रमाणे दाब वाढवणारा नसेल, तर १ बार बूस्टला ३ बारचे प्रत्यक्षात २ उरतात आणि पेट्रोल सुमारे १८ टक्के कमी पडतं. नवा पंप आणि पाइप इथेनॉल सोसणारेच घ्या. या गाड्या ई२० च्या आधीच्या आहेत.

टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, शंभर बारच्या पुढच्या दाबाने. ६००० आरपीएमला इनटेक स्ट्रोक ५ मिलिसेकंदांत संपतो. जे काही सोडायचं ते तेवढ्यात आणि थोडंसं पुढे. म्हणून इथे दोन पंप: एक टाकीत, दुसरा कॅमशाफ्टवर चालणारा हाय प्रेशर पंप. बाजारात या दुसऱ्याचे मोठे प्लंजर विकले जातात. ते घेण्याआधी तिसऱ्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर, फुल थ्रॉटलचा लॉग (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधल्या आकड्यांची नोंद) काढा. मागितलेलं आणि मिळालेलं रेल प्रेशर (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या नळीतला दाब) वरपर्यंत हातात हात घालून जात असेल, तर खिशाला हात लावू नका. मिळालेलं खाली घसरत असेल, तरी आधी टाकीकडचा दाब आणि फिल्टर तपासा. खालून पेट्रोलच कमी येत असेल तर वरचा पंप काय दाबणार? आणि ही लाइन घरी उघडू नका. त्या दाबाची पेट्रोलची चिळकांडी कातडी भेदून आत जाते.

खरी अडचण पुढे आहे. पोलो जीटीचा सात गिअरवाला डीक्यू२०० डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरसाठी बनलेला आहे. मूळ टॉर्क १७५. साध्या रीमॅपनेच ती सीमा जवळ येते. इंधन वाढवून मिळवलेला टॉर्क क्लचच्या मुळावर येणार. ते पैसे ब्रेक आणि टायरवर घाला.

दोन्हींना लागू असलेली कटकट म्हणजे कागदपत्रं. आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात, आणि विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी पंचाईत.

टी-जेटवर काम केलंत, तर वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) बसवा आणि एएफआर (हवा-इंधन प्रमाण) नको, लॅम्ब्डा वाचा; १ म्हणजे नेमकं मिश्रण, त्याखाली पेट्रोल जास्त. ई२० वर एएफआरचे आकडे फसवतात. फुल बूस्टला ०.८० ते ०.८५ ठीक. वरच्या आरपीएमला ०.९० कडे सरकू लागला, म्हणजे पेट्रोल कमी पडू लागलं, तर पाय लगेच काढा.

गाडी अजून घ्यायचीच असेल, तर ट्यूनिंगसाठी माझं मत टी-जेटला. फियाटने इथला गाशा गुंडाळल्यामुळे पार्टसाठी धावपळ होते, तेव्हा रोज ऑफिसला जायला घरात दुसरी गाडी असेल तरच.