बोटांनी ओढण्यासाठी लांब कंपाउंड धनुष्य: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सध्या बाजारात असलेली बहुतेक कंपाउंड धनुष्ये (टोकांना चाके आणि त्यांवरून जाणाऱ्या केबल असलेली) नेमबाजाच्या हातात रिलीज एड, म्हणजे प्रत्यंचा धरून खटक्याने सोडणारे छोटे साधन, असणार हे गृहीत धरून घडवलेली असतात. दोन कॅमच्या, म्हणजे टोकांच्या चाकांच्या, आसांमधील अंतर जेमतेम ३० ते ३३ इंच, लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर भारात होणारी घट) ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक, आणि झाडावर बसलेल्या शिकाऱ्याला अडचण होऊ नये इतका आटोपशीर आकार. मला मात्र अमेरिकेतील आमच्या क्लबात ‘फ्रीस्टाइल लिमिटेड’ गटात, म्हणजे साइट लावून पण प्रत्यंचा बोटांनीच सोडून, खेळायचे होते. त्यासाठी मी गेल्या हिवाळ्यापासून होयट कंपनीचे जुने प्रोटेक धनुष्य वापरतो आहे. हे मॉडेल आता तयार होत नाही, त्यामुळे ते वापरलेलेच घ्यावे लागते.

निवडीचे मुख्य कारण लांबी हे होते. माझ्या धनुष्यात आसांमधील अंतर ४० इंचांहून अधिक आहे. धनुष्य आखूड असेल तर पूर्ण ओढल्यावर प्रत्यंचेचा कोन इतका तीव्र होतो की तिन्ही बोटे एकमेकांवर दाबली जातात, नॉक (बाणाच्या मागच्या टोकाची खाच) चिमटीत सापडतो आणि बाण रेस्टवरून, म्हणजे त्याच्या टेकूवरून, उचलला जातो. लांब धनुष्यात तो कोन मोकळा राहतो. तरीही मी प्रत्यंचेवर नॉकच्या वर आणि खाली असे दोन्हीकडे नॉकिंग पॉइंट (नॉकची जागा पक्की करणाऱ्या गाठी) बांधले आहेत आणि एक बोट वर, दोन खाली या पद्धतीत खालच्या बोटावरचा भार जाणीवपूर्वक हलका ठेवतो.

दुसरा मुद्दा लेट-ऑफचा, आणि माझ्या मते खरेदीपूर्वी सर्वाधिक विचार त्याचाच करावा. ५० पौंडांच्या धनुष्याला ८० टक्के लेट-ऑफ असेल तर नेम धरताना बोटांवर फक्त १० पौंड उरतात. ६५ टक्क्यांत साडेसतरा उरतात. कमी भार आरामाचा वाटतो खरा, पण ढिल्या प्रत्यंचेवरून बोटे रेंगाळत सुटतात आणि ती प्रत्यंचेला बाजूला ढकलतात. भार पुरेसा असला की प्रत्यंचा स्वतःच बोटे बाजूला सारून निघून जाते. माझ्या धनुष्याचे कॅम सौम्य आहेत आणि लेट-ऑफ ६५ टक्क्यांच्या आसपास आहे; दीर्घ सरावाच्या शेवटी खांदा थकतो, परंतु बाणांचा गट मात्र विस्कटत नाही. उलट, वेगासाठी घडवलेल्या आक्रमक कॅमवर बोटांचा आडवा पीळ बसला तर प्रत्यंचा खाचेतून निसटण्याचाही धोका असतो. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना कंपाउंडचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले त्या काळी लोक बोटांनीच ओढत असत. सौम्य चाके ही त्याच परंपरेतील आहेत.

बाण जुळवण्याचे काम मात्र अपेक्षेपेक्षा बरेच किचकट निघाले. रिलीजने सुटलेला बाण प्रामुख्याने वर-खाली लवतो, तर बोटांवरून सुटलेला बाण आडवा लवतो. म्हणून मी खाली पडणारा रेस्ट काढून साधा फ्लिपर (बाजूला दुमडणारा बारीक टेकू) आणि बाणाला बाजूने आधार देणारा स्प्रिंगचा प्लंजर बसवला, बाणाच्या मागच्या प्लॅस्टिकच्या व्हेनऐवजी (पात्यांऐवजी) पिसे घेतली आणि स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, निवडताना कमी-अधिक ताठ असे निरनिराळे बाण पिसांविना मारून पाहिले. पिसे रेस्टला घासली तरी दबून पुढे जातात. व्हेन तिथेच बाणाची दिशा बिघडवतात. आडवा लवणारा बाण केबलला लागत नाही ना, हेही तपासावे.

नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवल्यापासून गावाकडची तरुण मुले मला कंपाउंडविषयी आवर्जून विचारतात. त्यांना मी आधीच सांगतो की या दोघांचा खेळ रिलीजचा आहे, त्यामुळे त्यांच्या धनुष्याची मापे बोटांच्या नेमबाजीला लागू होत नाहीत. ड्रॉ लेंथ (प्रत्यंचा ओढण्याची लांबी) सुद्धा बोटांनी ओढून, आपल्या अँकरवर, म्हणजे ओढणारा हात चेहऱ्याला टेकतो त्या जागी, नव्याने मोजावी लागते.

उणिवा आहेतच. हे धनुष्य आजच्या धनुष्यांच्या तुलनेत संथ आहे, गाडीत ठेवताना त्याची पेटी आडवी मावत नाही आणि जंगलातील फील्ड फेरीत काही तासांनी त्याचे वजन जाणवते. २० यार्डांच्या इनडोअर फेरीत मला यांपैकी एकाचाही त्रास होत नाही. दूरच्या, अंतर न सांगितलेल्या लक्ष्यांवर संथपणा नक्कीच नडतो.

वापरलेले धनुष्य घेताना लिंबांवरून, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांवरून, कापसाचा बोळा फिरवावा. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर असण्याची शक्यता धरावी आणि व्यवहार सोडून द्यावा. प्रत्यंचा व केबल नव्या बसवण्याचा खर्च किमतीत आधीच मिळवावा, आणि हव्या त्या ड्रॉ लेंथचा कॅम किंवा मॉड्यूल (कॅमचा बदलता येणारा भाग) बसवलेला आहे याची खात्री करूनच पैसे द्यावेत, कारण बंद झालेल्या मॉडेलचे हे सुटे भाग सहजासहजी हाती लागत नाहीत.